मोडलेल्या बँडची कमाई

बँड म्हटला की आपल्याकडे लग्नाची वरात आठवते. अमेरिकेत मात्र चार मित्र गिटारी आणि ढोल घेऊन एका खोलीत जमले की त्याला बँड म्हणतात. यांचे आयुष्य अळवावरच्या पाण्यासारखे. दोन-तीन वर्षे गाजतात, मग कोणी नोकरीपायी, कोणी संसारापायी, तर कोणी भांडणापायी वेगळा होतो. वाचकहो, असाच एक अल्पायुषी बँड आपल्या मुंबईत होता आणि त्याचा मुख्य गळा मराठी होता.

बँडचे नाव ‘व्हेल्व्हेट फॉग’ आणि गायक नंदू भेंडे. आत्माराम व आशा भेंडे या नाट्यवेड्या दांपत्याचा हा मुलगा. घरात रंगभूमी नांदत होती, पण पोराचा ओढा रॉक संगीताकडे. १९७० च्या सुमारास मुंबईत या संगीताला चांगला रंग चढला होता. एका सिगारेट कंपनीने ‘सिमला बीट’ नावाच्या स्पर्धा भरवल्या. १९७० आणि १९७१ साली त्यांतल्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. पण एवढ्यावर पोट भरणार कसे? परदेशी वाद्ये मिळणे दुरापास्त, आणि तबकड्यांचा बाजार सगळा सिनेसंगीताचा. यथावकाश ‘व्हेल्व्हेट फॉग’ विरून गेला.

गळा मात्र विरला नाही. १९७४ साली अलिक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे संगीतक बसवले, त्यात नंदू भेंडे ज्यूडास झाले. पुढे १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या जर्मन नाटकावरून लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांनी रंगमंचावर आणला. नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक एकाच मांडवाखाली आले! त्यातला अंकुश भेंड्यांनी रंगवला. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ चित्रपटातही त्यांचा आवाज आहे. २०१४ साली ते गेले.

हे सारे मी धानोऱ्याला बसून का लिहितो आहे? आमच्या या जंगलमुलखात झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर शहरातल्या लोकांनाही या रंगभूमीचे नाव ठाऊक झाले. माझ्या भाच्याने गावातल्या चौघांना घेऊन एक ऑर्केस्ट्रा काढला होता. दोन हंगाम तो वाजला. मग एक जण पोलीस भरतीच्या तयारीला लागला, दुसरा पुण्याला कारखान्यात गेला, आणि संपले. घरात रोज एकच वाक्य ऐकू येई, “धानाचे पैसे पाण्यात गेले.”

भाचा एके दिवशी म्हणाला, “मामाजी, की-बोर्ड विकून टाकतो.”

मी त्याला नंदू भेंड्यांची हकीकत सांगितली. म्हटले, “तुमचा ऑर्केस्ट्रा मोडला हे खरे. पण दोन वर्षे रात्रीमागून रात्री वाजवून बोटांत जे मुरले, ते कोण विकत घेणार? वडशाच्या नाटक कंपन्यांना वाजवणारे लागतातच की.”

तो काही बोलला नाही. पण की-बोर्ड अजून घरात आहे, आणि संध्याकाळी त्याचे सूर पुन्हा ऐकू येऊ लागले आहेत.

दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरेल, पडदे उभे राहतील. रंगमंचापुढे ऑर्गनशेजारी एखादा पोरगा मान खाली घालून वाजवताना दिसला, तर वाचकहो, तो आधी कोणत्या बँडमध्ये होता, एवढे अवश्य विचारा.