भाद्रपदात हात सैल का सुटतो?

भाद्रपद लागला की पनवेलच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पेणहून मूर्ती येतात, स्थानकावर कोकणात निघालेल्यांची झुंबड उडते आणि हरतालिका, गणपती, गौरी असा सगळा खर्च एका पंधरवड्यात अंगावर येतो.

या दिवसांत हात सैल सुटतो, त्याचं एक कारण मनाच्या हिशेबात आहे. 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर सांगतात की, रुपया तोच असला तरी मन तो वेगवेगळ्या खात्यांत टाकतं. सणाचं खातं उघडलं की, एरवी भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण मखरावर हजारभर रुपये सहज जास्त मोजतो.

पैसे कसे देतो, यानेही फरक पडतो. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांच्या 2001 सालच्या अभ्यासात अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी बास्केटबॉलच्या तिकिटांवर बोली लावली. क्रेडिट कार्डाने पैसे भरणाऱ्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. नोटा मोजून देताना मनाला बसणारा चटका कार्डाने देताना फारसा जाणवत नाही. फोनवरून कोड स्कॅन करतानाही मला हाच धोका दिसतो.

म्हणूनच आजीने डब्यात वेगळे ठेवलेले पैसे आणि बायकांची भिशी मला फार शहाणपणाची वाटते. तिथे रक्कम आधीच ठरलेली असते आणि डब्याचा तळ डोळ्यांना दिसतो. यंदा सजावट, गोडधोड आणि गावचा प्रवास यांची पाकिटं महिनाभर आधी वेगळी करा. पाहुण्यांच्या सरबराईसाठी कर्ज मात्र काढू नका.