‘फेअर’ मजुरी म्हणजे कोणती?

इंग्रजीतील ‘फेअर’ हे विशेषण इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्याही रोजच्या व्यवहारात शिरलेले आहे. सरकारी कागदावरील ‘फेअर प्राइस शॉप’ म्हणजे आपले रास्त भाव दुकान. बायाबापड्यांच्या तोंडी ते ‘कंट्रोल’. कापूस खरेदी केंद्रावर ‘एफएक्यू’ ऐकू येते, त्यातले पहिले अक्षर ‘फेअर’चेच. मुलीच्या स्थळाच्या पत्रकात ‘फेअर’ म्हणजे गोरी. आणि युनियनच्या मागणीपत्रात असतात ‘फेअर वेजेस’. कोणता अर्थ कोठे लावायचा यावर पुष्कळदा कोणाच्या तरी पोटाचा प्रश्न ठरतो, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘सुंदर’ एवढाच होता. सुंदर म्हणून निर्मळ, निर्मळ म्हणून बिनडागी (खाडाखोड नसलेली प्रत ती ‘फेअर कॉपी’), पुढे वर्णाने उजळ आणि वागणुकीने निष्कलंक, म्हणजेच न्यायाने वागणारा. जत्रेला इंग्रजीत ‘फेअर’ म्हणतात तो शब्द मात्र निराळ्या कुळातला. तो सणाच्या लॅटिन शब्दावरून आला. गोरेपणा आणि न्याय एकाच शब्दात नांदावेत हा इंग्रजांचा घरचा मामला आहे. एका प्रसिद्ध मलमाने 2020 साली आपल्या नावातून हा शब्द काढून टाकला, ते बरेच झाले.

आमच्या भागाला या शब्दाचा खरा चटका बसला तो कापसात. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने विकला जाई. हे नाव उमरावतीवरून पडले. आपला केळापूर तालुकाही वऱ्हाडातलाच. त्या काळच्या प्रतवारीत अमेरिकन कापसाची ‘फेअर’ ही सर्वांत वरची प्रत होती. हिंदी कापसात मात्र ‘गुड फेअर’ आणि ‘फुली गुड फेअर’ यांच्याही वर ‘गुड’, ‘फाइन’, ‘सुपरफाइन’ अशा पायऱ्या होत्या. तोच शब्द, पण एकाकडे शिखर आणि दुसऱ्याकडे पायथा!

आजचे ‘एफएक्यू’ म्हणजे ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’. त्याचे कोणी ‘रास्त सरासरी गुणवत्ता’ असे भाषांतर केले, तर शेतकऱ्याला त्यातून काहीच कळायचे नाही. येथे ‘फेअर’ म्हणजे फक्त ‘बरा’: सर्वसाधारण बऱ्या प्रतीचा माल. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, पुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून अधिक असल्यास गाडी परत. न्यायअन्यायाचा येथे संबंध नाही.

मजुरीत मात्र तो आहे. 1948 साली सरकारने नेमलेल्या समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. खाली किमान वेतन, वर निर्वाह वेतन आणि या दोहोंच्या मध्ये ‘फेअर’ वेतन. त्याची खालची मर्यादा किमान वेतनाची आणि वरची त्या धंद्याच्या देण्याच्या ऐपतीची. राज्यघटनेच्या 43 व्या अनुच्छेदात जे आहे ते निर्वाह वेतन. म्हणजे ‘फेअर’ हा मुक्काम नव्हे, वाटेतला टप्पा आहे.

मराठीत त्यासाठी तीन शब्द येतात. ‘रास्त’ फारसी, त्याचा मूळ अर्थ सरळ, आणि फारसीत उजव्या बाजूलाही तोच शब्द. ‘वाजवी’ हा अरबी ‘वाजिब’वरून, म्हणजे जे देणे भागच आहे ते. ‘न्याय्य’ संस्कृत. पण दुकानांच्या पाट्यांनी ‘वाजवी दर’ लिहून लिहून त्या शब्दाचा कणा मोडला. आता वाजवी म्हणजे बेताचे, स्वस्त. एका जिनिंगमधील कराराच्या मसुद्यात मालकाच्या वकिलाने ‘वाजवी मजुरी’ असे घातले होते. रेजा म्हणून काम करणाऱ्या एका बाईने लगेच विचारले, “वाजवी म्हणजे कमीच ना?” तिच्यापुढे कोशातली व्युत्पत्ती काय कामाची?

आपलीच भाषा अशी तुकडे पाडते असे मात्र नाही. फिनलंडची फिनिश भाषा इंग्रजीच्या कुळातली नाही, आपल्याही नाही. तेथेही ‘फेअर’ची वाटणी झाली आहे. उजळ केसांना ‘वाअलेआ’, बेताच्या किमतीला ‘कोहतुल्लिनेन’, न्यायाला धरून असलेल्याला ‘ओइकेउडेनमुकाइनेन’. हा लांबलचक शब्द ज्या ‘ओइकेआ’पासून निघाला, त्याचाही अर्थ बरोबर आणि उजवा, आपल्या ‘रास्त’चा दूरचा सोबतीच म्हणा. आणि खेळात, व्यवहारात सचोटीने वागणारा तो ‘रेइलू’. ‘फेअर ट्रेड’ या जगभर चालणाऱ्या खुणेला तेथे ‘रेइलू काउप्पा’ म्हणतात. गंमत अशी की ‘रेइलू किलो’ म्हणजे फिनिश माणसाच्या बोलीत किलोहून थोडे जास्तच. आपल्याकडे हात सैल सोडून माप घालणारा दुकानदार असतो, तसा हा शब्द आहे.

असा एकच शब्द मराठीत सापडलेला नाही. तोवर आम्ही मागणीपत्रात ‘न्याय्य मजुरी’ लिहितो आणि त्याच ओळीत रोजाचा आकडा घालतो. वेचणीची मागणी असली तर किलोमागे किती, तेही लिहितो. मालकाने शब्द बदलून मागितला तर आम्ही बदलू देतो. आकडा खोडू देत नाही.