उत्तेजकांची साक्ष देणारा मासा

तालमीतल्या तरुणाने घेतलेले स्टेरॉइड त्याच्या लघवीत बहुधा जसेच्या तसे उतरत नाही. यकृत त्याचे रूप पालटते, आणि तपासनिसाला ते पालटलेले रूपच ओळखावे लागते. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचे सुवर्णपदक गेले, ते स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडपायी. परंतु चोरून बनविलेल्या नव्या द्रव्याचे रूपांतर पाहण्यासाठी ते निरोगी माणसास देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

येथे दीड इंचाचा झेब्रा मासा उपयोगी पडतो. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात वर्णिलेला हा आपल्याच देशातील जीव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्या हृदयाचा अभ्यास झाला आहे. औषध टाकीच्या पाण्यात घालतात. माशाचे यकृत त्यावर प्रक्रिया करते आणि तयार झालेली द्रव्ये पाण्यात उतरतात. मग ते पाणीच तपासावयाचे. स्टॅनोझोलॉलपासून माणसात होणारी काही द्रव्ये अशा पाण्यात सापडली आहेत.

अर्थात मासा म्हणजे माणूस नव्हे. काय शोधावे एवढेच तो सांगतो. निवाडा माणसाच्या नमुन्यावरच व्हावा. लबाड सुटू नये आणि निरपराध्यावर बालंट येऊ नये, यासाठी आपण दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.