घरच्या घरी यंत्रमानवांची शर्यत

दिवाळीच्या सुट्टीत मुलं किल्ला करायला बसली, की आपलं अंगण पंधरा दिवस त्यांचं होतं. माती, पोती, विटांचे तुकडे, वर पेरलेले अळीव. त्याबद्दल कुणी आई फारशी तक्रार करीत नाही. केली तरी लटकीच. पण हल्ली याच मुलांची एक निराळी मागणी ऐकू येते. ‘आई, मला रोबोट करायचाय, स्पर्धेत उतरायचंय!’ इथे मात्र आपण गडबडतो. हे प्रकरण महागाचं, कॉलेजातल्या मुलांचं, आणि मुख्य म्हणजे आपल्याला न कळणारं, असं धरूनच चालतो. मग एक तर क्लासची फी भरून मोकळ्या होतो, नाहीतर ‘आधी अभ्यास कर’ म्हणून त्याला वाटेला लावतो.

मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी बाई. विजेशी माझा संबंध इस्त्रीच्या बटणापुरता. तरीही सांगते, या हौसेच्या पहिल्या पायऱ्यांना आईला यंत्रविद्या यावी लागत नाही. जागा, वेळ आणि थोडा धीर, एवढं तिच्यापाशी असलं की पुरतं.

यंत्रमानव म्हटलं की सिनेमातला हातापायांचा लोखंडी माणूस डोळ्यांपुढे येतो. स्पर्धेतला यंत्रमानव बहुतेक वेळा जेवणाच्या डब्याएवढी गाडी असते. तिला तीनच गोष्टी यायला हव्यात: काहीतरी जाणणं, त्यावरून ठरवणं आणि त्याप्रमाणे हलणं. आपल्या हातकणंगले तालुक्यात हे काही परकं नाही हं! इचलकरंजीच्या साध्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला, की एक छोटा काटा ते ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. मुलाला एकदा चालता माग दाखवून आणा. पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा त्याला तिथे जास्त कळेल. ‘असले खेळ करून पोट भरणार आहे का?’ असं घरातलं कुणी विचारलंच, तर तिथल्याच बिनधोट्याच्या नव्या मागांकडे बोट दाखवा. त्यांच्या अंगावर असले ‘जाणते’ भाग जागोजाग बसवलेले असतात.

जपानचंच उदाहरण घ्या. तिथे १९८८ साली सार्वजनिक प्रसारण संस्थेने विद्यार्थ्यांसाठी अशी स्पर्धा सुरू केली, आणि २००२ पासून आशिया-पॅसिफिक देशांची ‘रोबोकॉन’ भरू लागली. ती दोनदा आपल्या पुण्यात झाली. २००८ साली खेळाचा विषय होता चक्क गोविंदा आणि दहीहंडी! २०१४ साली तर त्याहून गोड: एक पालक-यंत्र आणि एक बाळ-यंत्र. पालकाने बाळाला उचलून न्यायचं, सी-सॉवर बसवायचं, झोका द्यायचा. देशोदेशीचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी त्यासाठी झटत होते. जे काम आपण रोज एका हाताने करतो, ते यंत्राला शिकवायला किती कष्ट पडतात ते पाहा.

असो. हे झालं मोठं मैदान. घरी सुरुवात करायची ती तारेच्या गाडीपासून. पिवळ्या रंगाच्या, गिअर बसवलेल्या दोन छोट्या मोटारी, दोन चाकं, पुढे एक फिरतं चाक, चार पेन्सिल सेल, आणि सहा पायांची दोन बटणं. दुकानात ‘डीपीडीटी’ म्हणून मागायची. बटण एका बाजूला दाबलं की मोटार पुढे फिरते, दुसऱ्या बाजूला दाबलं की मागे. दोन्ही पुढे, तर गाडी सरळ. एकच पुढे, तर वळण. हिला स्वतःची अक्कल नाही, अक्कल मुलाच्या बोटांत. पण जोडणी, तारांची अदलाबदल, तोल, सारं इथेच हाताला बसतं. बैठकीसाठी जाड पुठ्ठा चालतो. चाक उलटं फिरलं तर घाबरू नका, मोटारीच्या दोन तारांची जागा बदलायची की झालं.

ती जमली, की मग रेघ धरून चालणारी गाडी. पांढऱ्या जमिनीवर काळी रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांना पाहणारे दोन आयआर सेन्सर. ते न दिसणारा प्रकाश खाली सोडतात. पांढऱ्यावरून तो परत येतो, काळ्यावर बराचसा गिळला जातो. डाव्याला काळं लागलं तर डावी मोटार थांबवायची, उजव्याला लागलं तर उजवी. दोघांना पांढरंच दिसतंय, म्हणजे रेघ मधोमध आहे, चला सरळ. रात्री बांधावरून जाताना आपण पायाने चाचपत असंच चालतो. हे ठरवण्याचं काम आर्डुइनो नावाची पाटी करते आणि मोटारींना जोर देते ती मोटर ड्रायव्हरची पाटी. आज सगळं मिळून साधारण हजार-दीड हजारात बसतं. तयार संच चारपाच हजारांचा घेऊ नका. त्यात मुलाला करायला काही उरत नाही.

शर्यतीचा मार्ग मात्र फुकटात होतो. चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात ना? उतरवलेला एखादा मागून आणा. त्याची पाठ पांढरी असली, तर तिच्यावर काळी इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावायची. झाला मार्ग! पहिली वळणं गोलाकार ठेवा, काटकोन नंतर.

आता अडणाऱ्या गोष्टी. सेन्सर जमिनीपासून साधारण एक सेंटीमीटरवर हवेत. त्यांच्यावर एक इवलासा स्क्रू असतो, तो फिरवून काळं-पांढरं नीट ओळखायला लावावं लागतं. रात्री गुणी असणारी गाडी दुपारी वेड्यासारखी भटकली, तर दारातून ऊन येतंय का पाहा. उन्हातही तो न दिसणारा प्रकाश असतोच. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी मोटारींना पुरेसा जोर देत नाही. ड्रायव्हरसाठी चार्ज होणारे सहा पेन्सिल सेल बरे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे सेल घरात येऊच देऊ नका, ते पेट घेतात. आणि डाख देण्याचं काम असेल तर मोठं माणूस शेजारी, खिडकी उघडी, नंतर हात साबणाने स्वच्छ. त्यात शिसं असतं.

कोल्हापूरच्या मुलांना खरी भुरळ पडेल ती सुमोची. ७७ सेंटीमीटरचा गोल, आपल्या मोठ्या परातीहून मोठा, काळा, कडेला पांढरा पट्टा. छोट्या गटातली गाडी १० सेंटीमीटर लांब-रुंद आणि वजन ५०० ग्रॅमच्या आत. समोरच्याला गोलाबाहेर ढकललं की जिंकलं. पण ही कुस्ती दुसऱ्या वर्षाची बरं का, पहिल्या नाही.

एक गोष्ट मला शाळेत फार खटकते. मुला-मुलींचा मिळून गट केला, की थोड्या वेळाने पाहावं तर पेचकस मुलाच्या हातात आणि मुलगी बसलेली तक्ता रंगवत. कुणी सांगितलेलं नसतं, आपोआप होतं. म्हणून घरच्या स्पर्धेत पहिला नियम हाच ठेवा: जोडणं, प्रोग्राम लिहिणं आणि वेळा-चुका वहीत टिपणं, ही तीन कामं दर फेरीला बदलायची. लेकीच्या हातून तार तुटली तर तुटू दे. मुलाच्या हातून तुटते तेव्हा आपण कुठे काही बोलतो?

दुसरा नियम बाबांसाठी. यंत्राला मोठ्यांचा हात लागायचा नाही. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडसारख्या स्पर्धेतही जोडणी आणि प्रोग्राम मुलांनीच करायचा असतो, मार्गदर्शकाने नाही. आपण प्रश्न मात्र जरूर विचारावा: ‘ही आत्ता इथेच का थांबली?’ उत्तर आपल्याला ठाऊक नसलं तरी चालतं, नव्हे, बरंच.

तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, ही चौकशी आधी करा. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या योजनेतून २०१६ पासून अशा प्रयोगशाळा दिल्या गेल्या आहेत. असेल तर अर्धं सामान तिथेच वापरायला मिळेल, संगणकही.

गल्लीतली स्पर्धा मे महिन्यात ठेवा, परीक्षेचा घोर नसतो. दोघा-तिघांचे चार गट पुरेत. खर्चाची मर्यादा सगळ्यांना सारखी, प्रत्येकाला तीन फेऱ्या, उत्तम वेळ ती धरायची. गाडीला हात लावला तर पाच सेकंद दंड. फेऱ्यांच्या मध्ये दुरुस्तीला दहा मिनिटं द्या, आणि दारात एका आईला बसवा, नाहीतर धाकटी भावंडं रेघेवर उभी राहतात.