भिंत आधी संगणकात पडू द्या

बंगळूरच्या केंब्रिज लेआउटमधलं टपाल कार्यालय ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं. १,०२१ चौरस फुटांच्या या इमारतीच्या भिंती यंत्राने थरावर थर घालत छापल्या. अशा छपाईत सेंट्रिंग नसतं; ओल्या काँक्रीटला स्वतःच्याच बळावर उभं राहावं लागतं.

म्हणजे पंपातून जाताना ते वाहायला हवं आणि नोझलबाहेर पडताच थिजायला हवं. घट्ट श्रीखंडाचा चमचा उलटा केला तरी ते पडत नाही, ढवळलं तर मात्र हलतं. ठरावीक ताण ओलांडल्यावरच वाहणाऱ्या अशा पदार्थांचं गणित अमेरिकी शास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांनी शतकापूर्वी मांडलं.

त्यानुसार एक सेंटीमीटरचा थर पसरू नये म्हणून काँक्रीटला सुमारे १२५ पास्कल ताण सोसता आला तरी पुरतं. भिंत एक मीटर चढली, की तळच्या थराला शंभरपट ताण सोसावा लागतो. एवढं घट्ट मिश्रण पंपाला झेपणं कठीण. इथे वेळ मदतीला येतो. स्थिर काँक्रीटमधले सिमेंटचे कण एकमेकांना धरू लागतात आणि घट्टपणा मिनिटागणिक वाढतो. छपाई घाईने केली तर तळ दबतो. फार रेंगाळली तर दोन थर नीट सांधत नाहीत.

हा मेळ संगणक आधीच तपासतो. नोझलभोवतीची जागा बारीक चौकटींत विभागून, प्रत्येक चौकटीत काँक्रीट किती आणि त्याचा वेग किती, हे तो क्षणाक्षणाला मोजतो. नोझलची उंची किंवा वेग बदलला, तर थर चपटा होईल की गोलसर, हे पडद्यावर दिसतं.

नेदरलँड्सच्या आइंडहोवन विद्यापीठातल्या संशोधकांनी तर छापलेली भिंत कोसळेपर्यंत चढवली. ती कशी वाकून पडेल, हे संगणकाने बरोबर सांगितलं होतं. प्रत्यक्षात मात्र ती त्याच्या अंदाजाआधीच पडली. छपाईतल्या बारीकसारीक त्रुटी गणितात पूर्ण उतरत नाहीत.

म्हणूनच आपल्याकडे हे तंत्र रुजवताना परदेशी प्रयोगशाळेतले आकडे उसने घेऊन चालणार नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी तेच मिश्रण लवकर घट्ट होतं. वाळू बदलली की प्रवाहही बदलतो. इथलं सिमेंट, इथली वाळू आणि इथलं ऊन यांची मोजमापं घेऊन मगच संगणकाला प्रश्न विचारायला हवा. मोजमापावरचा हा खर्च पडलेल्या भिंतीपेक्षा नक्कीच स्वस्त आहे.