दिंडीत चालताना गाड्यांपासून जपू या



आषाढी जवळ आली की आपल्या दिंडीची तयारी सुरू होते. गोळ्या-औषधं, पांघरूण, ताटवाटी सगळं आठवणीनं पिशवीत जातं. रस्त्यावरच्या गाड्यांचा विचार मात्र राहून जातो. आज त्याबद्दल बोलू.

नोव्हेंबर २०१९ मध्ये संत नामदेव महाराजांची पालखी आळंदीला चालली होती. दिवे घाटात ब्रेक निकामी झालेला जेसीबी दिंडीत घुसला. दोन वारकरी गेले, अनेक जखमी झाले. चालणाऱ्यांची काहीच चूक नव्हती. म्हणून घाटात, उतारावर, वळणावर आपण थांबायचं नाही. विसावा घ्यायचा तो सपाट जागी, रस्ता सोडून.

मोठ्या पालख्यांसाठी पोलीस वाहतूक वळवतात. आपल्या गावची छोटी दिंडी हमरस्त्यानं जाते, तेव्हा शेजारून ट्रक धावतच असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ५०-५५ फूट पुढं येते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं, गाडी थांबते ती त्याच्याही पुढं. म्हणजे आपण त्याला लांबूनच दिसायला हवं.

पुरुषांचे कपडे पांढरे, ते अंधारातही उठून दिसतात. आपली लुगडी गडद. आणि पहाटे तीनला, माणसं उठायच्या आत, परसाकडं जायला रस्ता ओलांडतो तो आपणच. तेव्हा एकटीनं जायचं नाही. चौघी मिळून, बॅटरी लावून, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून जायचं. त्याहून बरं म्हणजे पाणी आणि शौचालय मुक्कामाच्याच बाजूला असावं. हे दिंडीचालकांना निघायच्या आधीच सांगू या. लाजून गप्प बसलो तर रोज पहाटे जीव मुठीत धरावा लागेल.

चालताना दिंडीच्या पुढं आणि मागं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घातलेला एकेक माणूस हवा. भजनात हॉर्न ऐकू येत नाही, म्हणून मुलं आणि म्हाताऱ्या बाया रस्त्याकडच्या बाजूला नकोत.

दमलो तरी आपल्याच ट्रकच्या सावलीत, चाकाजवळ आडवं व्हायचं नाही. गाडी मागं घेताना ड्रायव्हरला लगतचं माणूस दिसत नाही. एकानं खाली उतरून बघितल्याशिवाय ट्रक हलवायचा नाही, असा नियमच करू.

अपघात झालाच, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर पाठ असू द्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत पहाटेच्या चौघी-चौघींच्या जोड्या ठरवून टाकू. गेलो तेवढ्या सगळ्या घरी परत येऊ.