चेहरा नंतर, आधी हात

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइज’चे मानकरी ठरले, तेव्हा गाजले ते त्यांचे पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड. त्यांच्या दुसऱ्या कामाची चर्चा त्या मानाने कमी झाली. घरच्या प्रयोगशाळेतून ते व्हिडिओ कॉलवर परदेशी वर्गांना विज्ञानाचे प्रयोग दाखवत. पुरस्काराच्या माहितीनुसार हे वर्ग ८३ देशांतले होते.

प्रयोग दाखवणं पडद्याला जमतं; समोरच्याकडून करून घेणं अवघड. व्हिडिओ कॉलची घडणच मुळी बैठकीसाठी झाली आहे. त्यात कॅमेरा चेहऱ्यावर रोखलेला असतो.

समजा, सोलापूरच्या विणकराला हातमागावर तुटलेला उभा धागा जोडायला दूरच्या मुलीला शिकवायचं आहे. कॅमेरा समोर असेल तर त्याचा उजवा हात तिला डावीकडे दिसतो आणि प्रत्येक हालचाल मनात उलटवावी लागते. म्हणून कॅमेरा त्याच्या खांद्यावरून हातांकडे वळवायला हवा. दुसरा कॅमेरा तिच्या हातांवर हवा, नाहीतर गाठ सैल पडल्याचं त्याला कळणार कसं? शिवाय ‘तो नव्हे, शेजारचा धागा’ हे दाखवणारं त्याचं बोट तिच्या पडद्यावर उमटायला हवं.

जपानच्या ‘एनटीटी’त हिरोशी इशी आणि मिनोरू कोबायाशी यांनी १९९२मध्ये मांडलेला ‘क्लिअरबोर्ड’ याच वाटेवरचा. दूरची दोन माणसं एकाच काचेच्या दोन बाजूंना बसल्यासारखी लिहीत. प्रतिमा आरशासारखी उलटवल्यामुळे अक्षरं दोघांनाही सुलट दिसत आणि समोरच्याची नजर कुठे आहे तेही कळे.

आवाजाचीही गंमत आहे. गोंगाट गाळणारी सोय मागाची खटखटही गाळते. पण माग नीट चाललाय की नाही, हे विणकर त्या खटखटीवरूनच ओळखतो. ती सोय इथे बंदच ठेवावी.

उरतो विलंब. संभाषणासाठी तो एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा निकष आहे. त्याहून जास्त झाला तर ‘थांब’ पोहोचेपर्यंत धागा ओढलेला असतो. मग एकेक पायरी थांबून, तपासून पुढे जाणं बरं. रेंज कमी झाली तर आधी चेहऱ्याचं चित्र बंद करावं, हातांचं नव्हे.

शाळा किंवा आयटीआयने मोठा टीव्ही घेण्याआधी दुसरा कॅमेरा आणि तो नीट धरणारा स्टँड घ्यावा. मोठ्या पडद्यावर मुलांना गुरुजी दिसतील. गुरुजींना मुलांचे हात दिसायला मात्र तो दुसरा कॅमेराच लागेल.